जाळीतली धूळ

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आपल्याकडे घराघरांतून एकच उद्योग चाललेला असतो. माळ्यावरची पिंपे खाली येतात, गाद्या उन्हात पडतात, जळमटे काढायला लांब काठीला झाडू बांधला जातो, आणि घरातला प्रत्येक माणूस दुसऱ्याला 'तिथे पाय ठेवू नकोस' असे बजावत हिंडतो. अलीकडे या कामांत मोटारगाडीची भर पडली आहे. एके काळी गावात गाडी असायची ती डॉक्टरांकडे किंवा सावकारांकडे. आता माझ्यासारख्या शाळामास्तराच्या दारातही, जुनी का होईना, हप्त्यांवर घेतलेली का होईना, एक गाडी उभी असते. दसऱ्याला तिला आंघोळ घालायची, झेंडूची माळ घालायची, आणि दिवाळीत पाहुण्यांकडे निघण्यापूर्वी पुन्हा एकदा चकचकीत करायची, हा आता जवळजवळ कुळाचारच झाला आहे.

या सगळ्या सफाईत एक जागा हटकून राहून जाते. ती म्हणजे डॅशबोर्डावरच्या एसीच्या जाळ्या. त्यांच्या पट्ट्या इतक्या अरुंद की बोट आत जात नाही. काच पुसली तर तिच्यात आपले तोंड दिसते, बॉनेट पुसले तर ते शेजाऱ्यांना दिसते. जाळी पुसली तर कोणालाच काही दिसत नाही. पण गंमत अशी की, गाडीत बसलेला माणूस काही बॉनेट हुंगत नाही. तो श्वास घेतो तो या जाळ्यांतून येणाऱ्या हवेत.

माझ्या आईला दमा आहे. ती गाडीत पुढच्या सीटवर बसते आणि ती जाळी बरोबर तिच्या तोंडासमोर येते. त्यामुळे या जाळ्यांचा विचार मला करावाच लागला. काम तसे सोपे आहे. रंगकामाचा मऊ ब्रश घ्यावा आणि पट्ट्यांवरची धूळ हळूच सुटी करावी. मग सपाट पट्टीला ओलसर फडके गुंडाळून ते पट्ट्यांमधून फिरवावे. पाणी मात्र आत उडवू नये, कारण मागे विजेच्या तारा असतात.

परंतु आपल्याला दिसते ती जाळी म्हणजे घराचा फक्त उंबरठा. हवा येते ती समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या फटींतून, जिथे गाडी झाडाखाली उभी करणाऱ्यांची वाळकी पाने साचतात. तिथून ती फिल्टरमधून गाळली जाते, पंखा तिला पुढे ढकलतो आणि थंड कॉइलवरून ती आपल्यापर्यंत पोहोचते. गार सरबताच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तसेच या कॉइलवरही जमतात. गाडीखाली टपटपणारे पाणी ते हेच. ही ओल अंधारात तशीच राहिली, की बुरशी धरते आणि आंबूस वास सुटतो. म्हणून मुक्काम यायच्या आधी दोनचार मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे कॉइल वाळते. आपण मात्र सुवासिक बाटली टांगून मोकळे होतो. आंघोळ टाळून अत्तर लावण्यातलाच हा प्रकार!

पुष्कळशा गाड्यांत तो फिल्टर डाव्या बाजूच्या कप्प्यामागे बसवलेला असतो. आमच्या गाडीचा फिल्टर मेकॅनिकने बाहेर काढला तेव्हा माझी मुलगी शेजारी उभी होती. पंख्यासारखा घड्या घातलेला तो कागद मुळात पांढरा असतो. हा काळाकरडा झाला होता. घड्यांत धूळ, केस आणि एक मेलेला किडा अडकला होता.

"शी! किती घाणेरडा आहे हा!" ती म्हणाली.

मेकॅनिक हसला आणि म्हणाला, "घाणेरडा नाही गं ताई. हा होता म्हणून हे सगळं तुझ्या आजीच्या नाकात गेलं नाही."

त्याने नवा फिल्टर बाण बघून बसवला, जुना बाजूला टाकला आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला.

घाणेरडे कोणाला म्हणायचे? ज्याने घाण केली त्याला, की ज्याने ती अडवली त्याला? आपली जीभ तर दुसऱ्यालाच म्हणते. वर्गात फळा पुसणारे डस्टर पाहा. अक्षरे लिहितो मी, खडू उगाळतो मी. पण पांढरे होते ते डस्टर, आणि ते भिंतीवर आपटून आणणारा मुलगा. चहाचा चोथा गाळणीत राहतो, म्हणून काळी गाळणी आपण पाहुण्यांपुढे नेत नाही. त्यांच्यापुढे स्वच्छ कप तेवढा जातो. स्वच्छता म्हणजे घाणीचा नाश, अशी आपली समजूत असते. मला मात्र वाटते की ती बहुतेक वेळा घाणीचे स्थलांतर असते. फरशीवरची धूळ केरसुणीत जाते, केरसुणीतली सुपलीत, सुपलीतली डब्यात आणि डब्यातली कोणाच्या तरी हातात. आपल्या दृष्टीने ती नाहीशी होते ती आपल्या दाराशी. जगातून ती नाहीशी होत नाही. तेव्हा 'घर किती स्वच्छ झाले?' या प्रश्नाबरोबर दुसराही एक प्रश्न विचारायला हवा: 'ही धूळ शेवटी कोणाच्या अंगावर गेली?'

कोणी म्हणेल, "मास्तर, यात एवढे मनाला काय लावून घ्यायचे? ज्याचे काम त्याने केले, त्याचे पैसे आपण दिले; हिशेब मिटला." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. सगळ्यांनी सगळी कामे स्वतःच करायची म्हटली, तर मला शिकवायला वेळ उरणार नाही आणि मेकॅनिकच्या पोटालाही काही मिळणार नाही. कष्टाचा मोबदला घेण्यात कमीपणा तर मुळीच नाही. पण पैशाने कष्टांची किंमत चुकते होते, छातीत गेलेल्या धुळीची होत नाही. कागदाचा फिल्टर भरला की तो काढून नवा बसवता येतो. माणसाचे फुप्फुस असे कप्प्यामागून काढून झटकता येत नाही. माणूस आणि जाळी यांच्यातला फरक नेमका इथे आहे; आणि तो आपण विसरलो की माणसाला जाळीसारखे वापरू लागतो.

आपण तसे वापरत आलो आहोत, हे कबूल करायला हवे. हाताने मैला उचलायला लावण्याविरुद्ध या देशात १९९३ साली कायदा झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा, अधिक कडक कायदा झाला. तरीही गटारात उतरलेला माणूस गुदमरून गेल्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येतेच. त्याच्या आणि त्या विषारी हवेच्या मध्ये कोणतीही जाळी नव्हती. तोच आपली जाळी झाला होता.

गाडगेबाबांची आठवण अशा वेळी होते. १९५६ साली त्यांचे देहावसान झाले, त्याला आता कितीतरी वर्षे लोटली. गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचा, गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा क्रम. आपण त्यातून 'गाव स्वच्छ ठेवा' एवढाच धडा मुलांना शिकवतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्या पायावर लोक डोके ठेवायला येत, त्यानेच लोकांच्या रस्त्यावरची धूळ आपल्या अंगावर घेतली. एकदा हे पाहिल्यावर, धुळीने माखलेला माणूस हलका असतो असे म्हणायला तोंड कुठे उरते?

गाडीतच आणखी एक बटण असते. ते दाबले की बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा फिरत राहते. पुढे धूर ओकणारा ट्रक असला की आपण ते दाबतो, आणि दाबावेही. चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला असे बटण नसते, फुटपाथवर झेंडूची फुले विकणाऱ्या बाईलाही नसते. आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही ते कायमचे मिळालेले नाही. बंद गाडीत तीच हवा फार वेळ फिरली, की आपल्याच उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि डोळ्यांवर झापड येते; शेवटी बाहेरची हवा आत घ्यावीच लागते. आपण काचा किती का लावेनात, ती हवा सगळ्यांची एकच आहे.

मग करायचे काय? गाड्या विकून टाका, असे मी सांगणार नाही. मीही विकणार नाही, आईला दवाखान्यात न्यायला ती लागते. पण धूळ काढण्याच्याही रीती असतात. कोरड्या झटकणीने, किंवा गॅरेजमध्ये नळीतून जोराची हवा मारून, धूळ नुसती उडते आणि झटकणाऱ्याच्या तोंडावर येते. ओले फडके तिला धरून ठेवते. झाडण्याआधी अंगणात पाण्याचा शिडकावा करणाऱ्या आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. तेव्हा गाडी धुणाऱ्या पोराला ओले फडके द्यावे, तोंडाला रुमाल बांध म्हणावे, आणि घाई करू नये. फुटलेली काच कचऱ्यात टाकताना कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. यांत खर्च जवळजवळ नाहीच. समोरच्या हाताची आठवण ठेवावी लागते, इतकेच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्यापैकी कितीतरी घरांत नवी केरसुणी आणून तिला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतात. जी वस्तू आपली घाण अंगावर घेते, तिला आपल्या पूर्वजांनी देव्हाऱ्याजवळ जागा दिली, ही मोठी सुंदर गोष्ट आहे. मात्र ती केरसुणी उद्या ज्या हातात जाणार, तो हात त्या वेळी बहुधा दाराबाहेर असतो. या दिवाळीत फराळाचे ताट भरताना त्या हातासाठीही एक भरावे. आणि ते दारातून पुढे न करता, त्याला आत बोलावून, बसवून द्यावे.