बाद आणि संजीवनी

हुतुतूच्या खेळांत ‘बाद’ हा शब्द जितक्या सहजतेनें उच्चारला जातो, तितक्या सहजतेनें तो इतरत्र क्वचितच उच्चारला जात असेल. पंच हात वर करतो, खेळाडू अंगावरची माती झटकतो आणि रेषेबाहेर जाऊन बसतो. कोणी त्याचें सांत्वन करीत नाहीं, आणि कोणी त्याला दोषहि देत नाहीं. पण हाच शब्द माणसाच्या आयुष्याला लावून पाहावा, म्हणजे त्याचा आवाज एकदम बदलतो. एका पराभवावरून कोणालाहि कायमचें बाद ठरविण्याचा अधिकार समाजास आहे काय, हा प्रश्न अलीकडे माझ्या मनांत घर करून बसला आहे. तो मला कोणा नीतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथानें घातलेला नाहीं; आष्टीच्या एका पटांगणानें घातला आहे.

तालुक्यांतील शाळांच्या मुलींचे कबड्डीचे सामने होते. पद्धति बादफेरीची, जो संघ हरला तो घरीं. एका खेड्यांतील संघ पहिल्याच फेरींत अवघ्या दोन गुणांनीं हरला. त्यांतली चढाई करणारी मुलगी पाण्याच्या टाकीपाशीं एकटीच बसली होती. शिक्षकाच्या संवयीनें मीं तिला म्हटलें, ‘बाळ, खेळ आहे हा. पुढच्या वर्षीं जिंकाल.’ ती रडत नव्हती. शांतपणें म्हणाली, ‘सर, पुढच्या वर्षीं मी नसणार. जिल्ह्याला निवड झाली असती, तर आबा वर्षभर थांबणार होते.’

‘थांबणार होते’ म्हणजे काय, हें या भागांतील माणसास समजावून सांगावें लागत नाहीं. दिवाळी सरत आली कीं बीड जिल्ह्यांतलीं खेडीं ओस पडूं लागतात. ट्रकांत व ट्रॅक्टरांत संसार भरून माणसें ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, असा मुकादमाचा हिशेब असतो. मुलगी मागें एकटी ठेवण्याची भीति आणि नवा कोयता उभा करण्याची निकड, या दोहोंच्या कात्रींत तिचें लग्न उरकलें जातें. २००६ सालचा कायदा अठरा वर्षांची मर्यादा सांगतो. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, या जिल्ह्यांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४० हून अधिक जणींचें लग्न त्या वयाच्या आंत झालेलें आढळलें. त्या मुलीचें वय सोळा होतें.

मुलींना मैदान मिळालें, हेंच मुळीं फार जुनें नाहीं. कबड्डीचा अखिल भारतीय महासंघ १९५० सालीं स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ सालीं मद्रासला, तर स्त्रियांची १९५५ सालीं कलकत्त्यास झाली. खोखोंत पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्यें विजयवाड्यास आणि स्त्रियांची पुढल्याच वर्षीं कोल्हापुरास भरली. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांत काठीनें चेंडू टोलविण्याचा शिंटी नांवाचा खेळ आहे. तेथील पुरुषांच्या चषकाचे सामने १८९६ पासून होत आले, पण स्त्रियांना आपला चषक मिळण्यास पुढें फार काळ जावा लागला. त्या मानानें आपण उदार ठरलों, असें कोणास वाटेल. परंतु मैदानाचें दार उघडणें निराळें आणि मैदानावर टिकूं देणें निराळें.

आतां बादफेरी ही वस्तु काय आहे, तें थोडें शांतपणें पाहूं. बत्तीस संघ उतरले, तर एकतीस सामन्यांत निकाल लागतो. प्रत्येकानें प्रत्येकाशीं खेळावयाचें म्हटलें, तर त्याच बत्तीस संघांना ४९६ सामने लागतील. म्हणजे ही पद्धति मुळांत काटकसरीची आहे, न्यायाची नव्हे. ती एवढेंच सांगते कीं, एक संघ कोणाकडूनहि हरला नाहीं. उरलेल्या एकतिसांच्या योग्यतेविषयीं ती जवळजवळ मौनच पाळते. पहिल्याच फेरींत भावी विजेत्याशीं गांठ पडून जो हरला, तो कदाचित् दुसऱ्या क्रमांकाचा संघ असेल. लुइस कॅरोल या नांवानें जगाला ठाऊक असलेल्या डॉजसन या गणितज्ञानें १८८३ सालीं टेनिसच्या सामन्यांवर लिहितांना दाखवून दिलें होतें कीं, बत्तीस खेळाडूंच्या अशा स्पर्धेंत खरोखर दुसऱ्या योग्यतेच्या खेळाडूला दुसरें बक्षीस मिळण्याचा संभव एकतिसांत सोळा, म्हणजे निम्म्याहून किंचितच अधिक असतो. असें असतां, वेळ व पैसा वांचविण्यासाठीं काढलेल्या युक्तीला आपण माणसाच्या लायकीचा निवाडा समजूं लागलों, हा विचाराचा घोटाळा नव्हे काय?

यावर कोणी म्हणेल, ‘आयुष्य हीच एक स्पर्धा आहे; मुलींना पराभव पचविण्यास शिकवा, म्हणजे झालें.’ या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. परंतु पराभव पचतो केव्हां? त्याला सीमा असते तेव्हां. खेळाडू आपण होऊन रिंगणांत उतरतो, नियम त्याला आधीं ठाऊक असतात, आणि पुढच्या वर्षीं चिठ्ठ्या पुन्हा नव्यानें पडतात. या तीन अटींवरच हार ही खेळाची हार ठरते. जी मुलगी नापास झाली, किंवा जिचा संघ दोन गुणांनीं हरला, तिला पुन्हा चिठ्ठीच नसेल, तर तिनें पचवावयाचें तें काय? तो पराभव नव्हे, ती हद्दपारी होय.

आपल्या पूर्वजांनीं हा भेद खेळांतच ओळखला होता, असें मला वाटतें. हुतुतूचे तीन जुने प्रकार होते. ‘अमर’ प्रकारांत बाद झालेला गडी मैदानांतच राही, फक्त गुण मोजला जाई. ‘गामिनी’ प्रकारांत एकदां बाहेर गेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत परतत नसे. ‘संजीवनी’ प्रकारांत मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला कीं आपला एक उठे. आजची कबड्डी या संजीवनीच्या वळणावर वाढली आहे. त्यांत मर्म असें कीं, बाद झालेला गडी स्वतःच्या बळावर उठत नाहीं. आंत असलेल्या सोबत्यानें झटावें, तेव्हां तो उठतो.

मोठ्या स्पर्धांच्या इतिहासांतहि हेंच दिसतें. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई खेळांत भारतीय स्त्रियांचा संघ इराणकडून २४-२७ असा हरला. आणि त्या इराणी संघाच्या मार्गदर्शिका होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. पुढें २०२३ मध्यें हांगझोऊ येथें भारतीय स्त्रियांनीं चिनी तैपेईला २६-२५ असें हरवून सुवर्णपदक परत मिळविलें. आमच्याच तालुक्यांतील मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ सालीं पॅरिसला अडथळ्यांच्या शर्यतींत अंतिम फेरींत धावला व अकरावा आला; त्याला कोणी बाद म्हटलें नाहीं, आणि तें योग्यच झालें.

परंतु येथेंच एक मोह आवरला पाहिजे. ‘मुलींना खेळूं द्या, त्यांतून उद्यां एखादी विश्वविजेती निघेल,’ असें आपण उत्साहानें म्हणतों. यांत नकळत आपण बादफेरीचीच बाजू घेतों. कारण जी विश्वविजेती होणार नाहीं तिचें काय, याचें उत्तर आपणांपाशीं नसतें. बत्तीसांत एकतीस हरणारच, हें तर गणितानेंच ठरविलें आहे. मग खेळण्याचा, शिकण्याचा, वाढण्याचा हक्क जिंकण्याच्या आशेवर देतां येणार नाहीं. तो हरणारीलाहि तितकाच असला पाहिजे. किंबहुना त्याची खरी गरज तिलाच आहे.

शेवटीं स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या सामन्यानंतर मी त्या मुलीच्या घरीं गेलों. आबांनीं घोंगडी अंथरली, चहा दिला, माझें सारें बोलणें नम्रपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, ‘बघूं, सर.’ कायद्याचें नांव माझ्या ओठांवर आलें होतें. त्यांच्या चहापुढें तें मला उद्धटपणाचें वाटलें. मी उठलों. पुन्हा जावें, असें दोन-तीनदां मनांत आलें. गेलों मात्र नाहीं. पुढें दिवाळी सरली, आणि ते सारे कारखान्यावर गेल्याचें कळलें.

यंदा त्याच पटांगणावर पुन्हा चुन्याच्या रेघा पडल्या. तिच्या शाळेचा संघ आला, तेव्हां मीं तोंडें निरखून पाहिलीं. ती नव्हती. एका ‘बघूं’वर हार मानून मी परतलों होतों, तेव्हां बादफेरीचा नियम तिच्या आबांनीं एकट्यानें लावलेला नव्हता. आंत उभा असलेला गडी झटला नाहीं, म्हणून बाहेरचा उठला नाहीं. त्या दिवशीं आमच्या दोघांत चढाईची पाळी माझी होती.