एकट्याचा पगार कोणाचा?

‘तुम्हांला काय हो, एकटा जीव सदाशिव!’ हे वाक्य आम्ही गेली कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. कचेरीत ते ऐकू येते, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात ऐकू येते आणि लग्नाच्या मांडवात तर हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात आकस नसतो. सरकारी नोकरी, दरमहा ठरावीक पगार, बायकामुलांचा पाश नाही; मग या माणसाला पैसा लागतो कशाला, असा साधा हिशेब त्यामागे असतो. पण त्या साध्या हिशेबात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. एकट्या माणसाचा पगार नेमका कोणाचा? कष्टाने मिळवला म्हणून सर्वस्वी त्याचा, की गरजा भागल्यावर जे उरेल ते भावंडांचे आणि शेजाऱ्यांचे?

पगार ठरतो कसा, ते आधी पाहू. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे मोजमाप घालून दिले. एका कमावत्या माणसामागे त्याच्या कुटुंबासह खर्चाचे तीन घटक धरावेत. प्रौढ माणसाला रोज २,७०० उष्मांकांचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्रीय सेवेतील किमान मूळ वेतन १८,००० रुपये ठरवले, तेही मुख्यतः याच मोजमापाच्या आधारे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली सांगितले होते, की वेतन काटकसरीने राहणाऱ्या कामगाराच्या निर्वाहाला पुरलेच पाहिजे; पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली त्यात कुटुंबाच्या निर्वाहाचा स्पष्ट उल्लेख केला. तात्पर्य, पगाराच्या पाकिटात पत्नी आणि मुले आधीच मोजलेली असतात. मग ज्याच्या घरी ती नाहीत, त्याच्या हाती पडणारे त्यांचे वाटे कोणाचे? हा प्रश्न आम्हांला टोचतो, आणि तो टोचलाच पाहिजे.

परंतु या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. अन्न माणशी मोजता येते, भिंती माणशी मोजता येत नाहीत. एकटा आहे म्हणून कोणी घरमालक अर्ध्या भाड्यात खोली देत नाही. दिवा एकासाठी लावला काय आणि चौघांसाठी लावला काय, वीज तेवढीच जळते. तापाने अंथरूण धरले, तर कुटुंबात कोणीतरी पेज करून आणते. एकट्याला ती विकत घ्यावी लागते. शिवाय उद्याची चिंता आहेच. १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांसाठी जुन्या निवृत्तिवेतनाच्या जागी वर्गणीची योजना आली; मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या दहा टक्के रक्कम दरमहा कापली जाऊ लागली. आम्ही त्यांतलेच. म्हातारपणी हात धरायला मूल नाही, म्हणून बँकेतल्या ठेवीकडे आम्ही काठीसारखे पाहत आलो.

तीन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ घरी आला. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती. ‘दादा, तुला एकट्याला एवढे लागतात कशाला?’ तो म्हणाला. ठेव मुदतीपूर्वी मोडता येत नाही, असे आम्ही त्याला सांगितले. ते खोटे होते. पुतण्याने शैक्षणिक कर्ज काढले. आम्ही मात्र त्यानंतर कित्येक रविवार भावाच्या शेजारी बाकावर बसायचे टाळले.

त्या दिवसांत निर्गमाच्या पुस्तकातील मान्नाची हकीकत पुन्हा वाचनात आली. माणशी एक ओमर गोळा करावा, अशी आज्ञा होती. ज्यांनी भीतीने दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. पण सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायचा होता, कारण शब्बाथाच्या दिवशी रानात काही मिळणार नव्हते; तो साठा नासला नाही. म्हणजे साठवणे हे मुळात पाप नव्हे. ज्याला नोकरीनंतरचा दिवस स्वतःच्याच शिदोरीवर काढायचा आहे, त्याने ती बांधून ठेवणे म्हणजे दुसऱ्यावर भार न टाकण्याची जबाबदारी पाळणे होय. मात्र त्या शिदोरीला माप होते. दुप्पट, दहापट नव्हे. भीतीला माप नसते, म्हणून तिचा साठा नासतो.

आम्ही वही घेऊन बसलो. भाडे, औषधे, पडल्यास एक माणूस ठेवण्याचा खर्च, सारे मांडले आणि ‘पुरे’ म्हणजे किती, तो आकडा आयुष्यात प्रथमच लिहून काढला. आमची ठेव त्याहून थोडी कमी होती; पण दरमहा त्या दिशेने जे टाकायला हवे, त्याहून अधिक आम्ही टाकत होतो. ती वही घेऊन भावाकडे गेलो आणि खोटे बोलल्याची कबुली दिली. त्याने आकडे सावकाश वाचले आणि विचारले, ‘आजारी पडलास तर कोणाला कळवतोस?’ आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज पुतण्याच्या कर्जाचा हप्ता एक महिना आड आम्ही भरतो आणि आमच्या खोलीची दुसरी किल्ली भावाच्या घरी असते.

आता आम्हांला वाटते, की नकार देणे हा आमचा दोष नव्हता. माप न ठरवता नकार देणे आणि तो खोट्याआड लपवणे, हा दोष होता. एकट्याचा पगार त्याचाच आहे, पण ‘पुरे’ कुठे होते हे ठरवण्याच्या अटीवर. आणि आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना एवढेच विनवावेसे वाटते: एकट्या माणसाकडे त्याच्या पगारातला वाटा जरूर मागा, पण त्याआधी त्याच्या आजारपणातला आणि रविवारच्या जेवणातला आपला वाटा उचला.