आजचं चिंतन : अष्टावक्रासोबत कोण गेलं?



आजचं वाचन महाभारताच्या वनपर्वातलं, अष्टावक्राची गोष्ट. आठ ठिकाणी वाकडं शरीर, वय जेमतेम बारा, आणि जनकाच्या यज्ञात जाऊन त्याने बंदीला वादात हरवलं. तात्पर्य आपण लहानपणापासून ऐकतो: शरीर नको, बुद्धी बघा.

यावेळी मात्र मी श्वेतकेतूपाशी अडकलो. नात्याने मामा, वयाने बरोबरीचा. यानेच एकदा अष्टावक्राला उद्दालकांच्या मांडीवरून ओढलं होतं, ही तुझ्या वडिलांची मांडी नाही म्हणून. पण जनकाकडे जायचं ठरलं तेव्हा दोघं मिळून निघाले. अष्टावक्र एकटा गेला नव्हता, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मला माझी अकरावी आठवली. ग्रुपमधल्या एकाच्या पायाला पोलिओमुळे कॅलिपर होतं. पांडवलेणीला गेलो की तो पायऱ्यांपाशी थांबायचा आणि आमच्या बॅगा सांभाळायचा. ‘तू बस रे, आलोच आम्ही!’ तासभर तरी जायचा. आम्हाला वाटायचं, आपण त्याला सोबत नेतो म्हणजे केवढं चांगलं वागतो! परवा इतक्या वर्षांनी फोनवर तो सहज म्हणाला, ‘वर नाही आलो त्याचं काही नाही रे. एखादा खाली थांबला असता तर गप्पा झाल्या असत्या.’

मी काय बोलणार?

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं शरीर ऐन सोळा-सतराव्या वर्षी लुळं पडलं. त्यांना उभारी दिली बाबूकाका दिवाण यांनी, जे स्वतः व्हीलचेअरवर होते. पुढे १९८४ मध्ये नसीमादीदींनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. शेजारी बसून बोलणारं माणूस भेटलं की काय होऊ शकतं, ते इथे दिसतं.

मग प्रश्न पडतो, मैत्री ही सेवा आहे का? मला वाटतं, नाही. सेवेत पुण्य मोजण्याचा मोह असतो, आणि समोरच्याला ते बरोबर कळतं. त्या वयात कोणालाच कोणाचं पुण्य व्हायचं नसतं. टवाळक्या करायच्या असतात, भांडायचं असतं, क्रशबद्दल बोलायचं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने रॅम्प मागता येतो, आणि तो मागायलाच हवा. पण खाली थांबणारा मित्र कायद्याने मिळत नाही.

आजचा संकल्प छोटा आहे. सोसायटीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ‘तू स्कोअर लिही’ असं परस्पर ठरवू नका. कुठे भेटायचं, ते आधी त्यांना विचारा.

मी रविवारी मित्राकडे जातोय. जागा त्याने ठरवली आहे.

राम कृष्ण हरी.