गिऱ्हाईक मालक होतो तेव्हा

ह्यूगो युंकर्स यांनी १८९५ मध्ये जर्मनीतल्या डेसाऊ गावी कारखाना काढला तो गॅसवर पाणी तापवणाऱ्या बंबांचा. पातळ पत्र्याला हवा तसा आकार देण्याची विद्या तिथेच मुरली. लाकूड आणि कापडाच्या त्या काळात, १९१५ साली, संपूर्ण धातूचे विमान त्यांनी उडवून दाखवले. पहिले महायुद्ध संपताच ‘एफ १३’ आले. चार प्रवाशांची बंदिस्त केबिन असलेले हे विमान २५ जून १९१९ रोजी, व्हर्सायच्या तहावर सह्या होण्याच्या तीन दिवस आधी, पहिल्यांदा उडाले. विमानाने माणसे जोडावीत, ही युंकर्स यांची मनापासूनची श्रद्धा होती.

पण विमानाचा कारखाना श्रद्धेवर चालत नाही. त्याला अफाट भांडवल लागते आणि एवढे मोठे गिऱ्हाईक बहुधा एकच असते: सरकार. युंकर्स यांना नाझींचा निव्वळ बळी ठरवणे मला म्हणूनच पटत नाही. महायुद्धात लष्कराला विमाने त्यांनीच पुरवली होती. मॉस्कोजवळच्या फिली येथे जर्मन लष्कराच्या छुप्या पाठबळावर कारखानाही त्यांनीच उभारला. तो तोट्यात गेला, सरकारकडे हात पसरावे लागले आणि त्यांची विमानवाहतूक कंपनी १९२६ मध्ये ‘लुफ्त हान्सा’ या जर्मन विमान कंपनीत गेली. हिटलर सत्तेवर यायला अजून सात वर्षे होती; पण कारखान्याची दोरी तेव्हाच परक्या हाती गेली होती, असे मला वाटते.

१९३३ मध्ये नाझींनी ती ओढली. देशद्रोहाच्या खटल्याची धमकी देऊन पेटंटे आणि कंपनीचे निम्म्याहून अधिक समभाग लिहून घेतले, युंकर्स यांना डेसाऊतून हद्दपार केले. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, शहात्तराव्या वाढदिवशीच, युंकर्स नजरकैदेत वारले. पुढच्या आठ महिन्यांच्या आत युंकर्स कंपनीचे ‘स्टुका’ बॉम्बर उडाले. १९३७ मध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब टाकणाऱ्यांत तिचीच ‘यू ५२’ विमाने होती. मूळची ती प्रवासी आणि मालवाहू. युद्धाच्या अखेरीस बुखेनवाल्ड छळछावणीतले कैदी या कंपनीसाठी राबत होते, आणि या सगळ्यावर नाव युंकर्सचेच होते.

नाझी हरले, तरी गिऱ्हाईक संपले नाही. ऑक्टोबर १९४६ मध्ये डेसाऊचे अभियंते बायकामुलांसह आगगाडीत बसवून सोव्हिएत संघात नेले गेले, तिथल्या सरकारसाठी जेट विमाने आखायला. जायचे आहे का, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.