मुक्या जिवाचे म्हातारपण



आपल्या गोंदिया जिल्ह्यात बहुतेक घरी कुत्रा हौसेसाठी पाळलेला नसतो. धान कापल्यावर तो पुंजण्याजवळ रात्रभर जागतो, बांधीत रानडुक्कर शिरले की भुंकून घरधन्याला उठवतो, मोहफुले वेचायला निघालेल्यांच्या मागेपुढे चालतो. अशी आठ-दहा वर्षे निघून जातात. मग तो आवाजाला उठेनासा होतो आणि आपण म्हणतो, ‘‘हा आता आळशी झाला.’’ आज या एका वाक्याचा विचार करू या.

नीतिसूत्रांच्या १२व्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे: तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘जाणतो’ असा आहे. भाकरी टाकणे सोपे आहे, जाणण्यासाठी मात्र पाहावे लागते. मुका जीव आपले दुखणे सांगत नाही. त्याचे वागणे हीच त्याची भाषा असते.

साधारण सात-आठ वर्षांनंतर कुत्रा म्हातारपणाकडे झुकतो. मोठ्या चणीचा लवकर, लहान चणीचा थोडा उशिरा. तेव्हा काय पाहावे? उठताना मागचे पाय ओढतो, ओसरीची पायरी चढताना थांबतो, तर सांधे दुखत असतील. हात लावताच गुरगुरतो, तर तो बिघडला असे लगेच समजू नका. जिथे हात लागला तिथे दुखत असेल. फार पाणी पितो आणि वारंवार लघवी करतो, तर मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असू शकतो. तोंडाला घाण वास येतो, घास खाली पडतो, तर दात पाहावेत. हिरड्या पांढुरक्या दिसतात, अंगावर गोचीड आहेत, तापही आहे, तर तो गोचीड-ताप असू शकतो. त्याला वय हे कारण नाही, आणि त्यावर औषध आहे.

काही कुत्री रात्री उगाच भुंकतात, भिंतीकडे तोंड करून उभी राहतात, घरच्या माणसाला ओळखत नाहीत, आतच लघवी करतात. म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो, तसाच हा प्रकार असू शकतो. अशा वेळी काठी उगारू नये. त्याला कशासाठी मारले हेच त्याला कळत नाही.

एक इशारा मात्र नीट ध्यानात ठेवावा. वागणे एकाएकी बदलले, लाळ गळू लागली, गिळता येईना, दिसेल त्याला चावू लागला, तर त्याला म्हातारपण म्हणू नका. तो रेबीज असू शकतो. मुलांना दूर ठेवा आणि पशुवैद्यांना कळवा. कोणाला चावला किंवा ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्या, म्हातारा झाला म्हणून ती थांबवू नका.

कोणी विचारील, घरात माणसाच्या औषधाला पैसे नाहीत, तिथे कुत्र्याचे काय? प्रश्न खरा आहे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २४१६ ते २४१८) दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. प्राण्यांना दयेने वागवणे हे आपले देणे आहे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. आणि माणसाचे दुःख हलके करण्यासाठी लागणारा पैसा आधी माणसासाठीच वापरावा. पण जाणायला पैसे लागत नाहीत. नवतपाच्या उन्हात सावली आणि पाण्याचे भांडे, पौषाच्या थंडीत अंगाखाली पोते, दात गेल्यावर मऊ पेज एवढे प्रत्येक घरी जमते. बदल दिसला त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. पशुवैद्यकीय दवाखान्यात गेल्यावर ती उपयोगी पडते. आपल्यासाठी आणलेली अंगदुखीची गोळी मात्र त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते.

आणि कामाचा राहिला नाही म्हणून त्याला जंगलाच्या कडेला सोडून येऊ नका. नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात बिबट्या आहे, आणि पाळीव कुत्र्याचे रोग वन्य प्राण्यांनाही लागतात. उपासमारीने त्याचे हाल होतील अशा स्थितीत पाळीव जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायद्याच्याही आधी ती कृतघ्नता आहे.

तोबितच्या ग्रंथात तरुण तोबिया प्रवासाला निघतो, तेव्हा राफाएल देवदूत त्याच्याबरोबर असतो आणि घरचा कुत्राही. परततानाही कुत्रा बरोबरच असतो. संत जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरात तर तो पुढे धावत येतो आणि शेपटी हलवतो. घरी आंधळा बाप वाट पाहत असतो. पुढे त्या कुत्र्याचे काय झाले, हे ग्रंथ सांगत नाही. पण ज्या घरी आंधळ्या बापाच्या डोळ्यांवर औषध लावले गेले, त्या घरी वाटेवरचा सोबतीही उपाशी राहिला नसेल, असे मानायला आपल्याला आवडेल.

बंधुभगिनींनो, ही नजर कुत्र्यापाशी थांबू नये. आजीचे जेवण कमी झाले आहे का? आजोबा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, पायरीवर चाचपडतात का? तिथेही आपण ‘‘वय झाले’’ म्हणून मोकळे होतो. संत लूकच्या शुभवर्तमानातल्या श्रीमंताने दारातल्या लाजराला मारले नव्हते. त्याच्याकडे त्याचे लक्षच नव्हते. लाजराजवळ आले ते कुत्रे.

या आठवड्यात रोज थोडा वेळ काढून आपल्या घरातल्या म्हाताऱ्या जिवांकडे, माणसांकडे आधी आणि मग जनावरांकडे, नीट पाहू या.

प्रार्थना करू या: हे प्रभो, तू आमचे न बोललेले दुःखही जाणतोस. ज्यांना सांगता येत नाही त्यांचे दुःख ओळखणारे डोळे आम्हांला दे. आमेन.