ख्रिस्ताविषयीं दोन प्रश्न

गेल्या नाताळांत आमच्या मंडळींतील एक तरुण शहरांतील कॉलेजांतून घरीं आला होता. उपासना संपल्यावर देवळाच्या पायरीवर त्यानें वडिलांपैकीं तिघांचौघांस विचारलें, "येशू ख्रिस्त खरोखर होऊन गेला, हें कशावरून? आणि होऊन गेला असला, तरी तो देव कशावरून?" वडील रागावले. "शिकलास म्हणून देवाची परीक्षा पाहतोस काय?" असें एकानें म्हटलें, आणि तो मुलगा निमूटपणें उठून गेला. पुढच्या रविवारीं तो उपासनेस आला नाहीं. त्या वेळीं आम्हीही तेथें होतों व गप्प राहिलों. म्हणून जें उत्तर आम्हीं तेव्हां द्यावयास पाहिजे होतें, तें येथें देण्याचा यत्न करितों.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, हे प्रश्न दोन आहेत, एक नव्हे. येशू होऊन गेला काय, हा इतिहासाचा प्रश्न आहे, व त्याचा निकाल साक्षीदार तपासून लागतो. तो प्रभु आहे काय, हा प्रश्न इतिहासापासून सुरू होतो, पण तेथें संपत नाहीं. या दोहोंची गल्लत करणारा दोन्हीकडून फसतो.

पहिल्या प्रश्नावर आधीं परक्यांची साक्ष घेऊं. रोमी इतिहासकार टॅसिटस यास आमच्या धर्माचा तिटकारा होता. तरी इ. स. ११६ च्या सुमारास, रोम शहरास ६४ सालीं लागलेल्या आगीचा आळ नीरोनें ख्रिस्ती लोकांवर कसा घातला हें सांगतांना तो लिहून गेला कीं, हें नांव ज्या ख्रिस्तावरून पडलें त्यास तिबिर्य बादशहाच्या अमदानींत पिलातानें देहान्ताची शिक्षा दिली. त्याच पिलाताचें नांव कोरलेला दगड १९६१ सालीं समुद्रकांठच्या कैसरियाच्या अवशेषांत सांपडला. आमच्या खेड्यांतील म्हातारी थोरल्या मुलाचें वय सांगतांना १९७२ च्या दुष्काळाची आठवण काढते, ती दुष्काळाच्या कौतुकानें नव्हे. ती काळाची खूण असते. प्रेषितांच्या मतांगीकारांत आपण पिलाताचें नांव घेतों, तीही तशीच खूण आहे.

यहूदी इतिहासकार योसीफस याची साक्ष आम्हांस अधिक मोलाची वाटते. मात्र येथें प्रामाणिकपणा पाहिजे. इ. स. ९३ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथांत येशूविषयीं एक स्तुतिपर उतारा आहे. त्यांत पुढें ख्रिस्ती नकलकारांनीं भर घातली, असें बहुतेक पंडितांचें मत आहे, व तें आम्हांसही पटतें. तो उतारा जसाच्या तसा पुढें करून वाद जिंकूं पाहणें म्हणजे सत्याच्या कैवारासाठीं खोटें नाणें चालविणें होय. परंतु त्याच ग्रंथांत अन्यत्र, ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब यास प्रमुख याजकानें दगडमार करविल्याचा साधा उल्लेख आहे. ही गोष्ट इ. स. ६२ ची. याच याकोबाला आपण यरुशलेमेंत भेटलों, असें पौल गलतीकरांस लिहितो. कल्पित पुरुषाला भाऊ असत नाहीं; असलाच तरी तो कोणाला प्रत्यक्ष भेटत नाहीं. बार्ट एर्मन हे ख्रिस्तावर विश्वास न ठेवणारे विद्वान्. तरीही येशू होऊन गेला हें दाखविण्यासाठीं त्यांनीं २०१२ सालीं एक सबंध ग्रंथ लिहिला.

पण कोणी म्हणेल, हा खटाटोप कशासाठीं? येशू झालाच नाहीं असें ठरलें, तरी डोंगरावरील प्रवचन आपणांस खरेंच राहील, अशा अर्थाचे उद्गार महात्मा गांधींनीं १९३१ सालीं काढले होते. उपदेशापुरतें हें म्हणणें बरोबर आहे. शत्रूस क्षमा करावी, हें कोणीही सांगितलें तरी चांगलेंच. परंतु आम्ही ज्यास शुभवर्तमान म्हणतों, तें नुसता उपदेश नव्हे, तें वर्तमान आहे. उपदेश माणसानें काय करावें हें सांगतो. वर्तमान देवानें काय केलें हें सांगतें. सावकाराच्या कर्जांत बुडालेल्या माणसास, कर्ज फेडणें चांगलें, एवढ्या उपदेशानें काय होणार? तुझें कर्ज कोणी फेडलें, ही बातमी त्यास हवी असते. आणि ती बातमी खोटी निघाली तर त्याची जमीन सुटत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न. निकीया येथें इ. स. ३२५ सालीं भरलेल्या सभेनें येशूला देव ठरविलें, असें पुष्कळ जण सांगतात. त्या सभेंत शब्दांचा मोठा वाद झाला हें खरें. पण उपासना त्यापूर्वींचीच होती. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी यानें बादशहा ट्राजन यास कळविलें कीं, हे लोक ठराविक दिवशीं उजाडण्यापूर्वीं जमतात आणि ख्रिस्त हा देव आहे असें मानून त्याला स्तोत्र गातात. खरें काय तें काढण्यासाठीं त्यानें दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीच्या सेविका होत्या. निकीयेस बिशप जमले, त्याच्या दोनशें वर्षें आधींची ही गोष्ट! आणि त्याहूनही आधीं, सुमारे इ. स. ५५ सालीं, करिंथकरांस ग्रीक भाषेंत लिहितांना पौल शेवटीं प्रभूच्या येण्याविषयींचे अरामी शब्द घालतो. अर्थात् येशूला प्रभु म्हणून हांक मारण्याचा प्रघात अरामी बोलणाऱ्या पहिल्या यहूदी शिष्यांपासूनचा; आणि देव एकच आहे, हें तर त्या लोकांचें बाळकडू होतें.

येथें पुन्हा याकोबच आठवतो. प्रभूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता, हें योहान लपवीत नाहीं. एका घरांत वाढलेल्या भावाविषयीं असें कांहीं मानणें किती कठीण, हें खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. मग तोच याकोब यरुशलेमेंतील मंडळीचा आधारस्तंभ होऊन शेवटीं दगडमारानें मेला, हें कसें? पौल सांगतो कीं, उठलेल्या प्रभूनें याकोबाला दर्शन दिलें. याकोब बदलला, हें इतिहास दाखवूं शकतो. त्या दर्शनाची खातरी तो देऊं शकत नाहीं. तो आपल्याला उंबरठ्यापर्यंत आणून सोडतो. पुढचें पाऊल विश्वासाचें. तें ज्याचें त्यानें टाकावयाचें असतें. आम्हीं तें टाकलें आहे, पण कोणास ढकलून तें टाकवितां येत नाहीं, आणि दटावून तर मुळींच नाहीं.

थोमानें शंका घेतली तेव्हां प्रभूनें त्यास हांकलून दिलें नाहीं. आपले हात त्याच्यापुढें केले. तेव्हां वडील बंधूंनो, आपल्या मुलांनीं विचारलें तर त्यांस जवळ बसवा. ठाऊक असेल तें सांगा, ठाऊक नसेल तेथें तसें कबूल करा. आम्ही स्वतः या आठवड्यांत त्या तरुणाच्या घरीं जाणार आहों. प्रथम त्या दिवशींच्या आमच्या गप्प राहण्याबद्दल त्याची क्षमा मागूं, आणि मग त्याचे दोन्ही प्रश्न त्याच्याच तोंडून पुन्हा ऐकूं.