मातीआड जाणारा लेप

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन शहरात वर्षाला सुमारे 2,250 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे जवळजवळ मुंबईइतकाच. मुंबईचा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग जमीन वाळते. बर्गनमध्ये तो बाराही महिने झिरपत राहतो. हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपास वरखाली होतो, त्यामुळे मुरलेले पाणी गोठते, वितळते, पुन्हा गोठते, आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. अशा मुलखात तळघराच्या भिंतीला बाहेरून कोणता लेप द्यायचा हे ठरवणे इंजिनिअरचे काम. पण लेप देऊन झाला की त्यावर माती लोटली जाते, आणि तो फसला तर ज्याला भोगावे लागेल तो माणूस कदाचित अजून जन्मालाही आलेला नसतो. ज्याला आपण कधी भेटणार नाही, त्याचे आपण काही देणे लागतो का? लागत असू तर ते मोजायचे कशाने?

आधी लेपाकडे जवळून पाहू. स्वस्तातला पर्याय म्हणजे ब्रशने किंवा फवाऱ्याने मारलेले, पाण्यात कालवलेले डांबर. ते मातीतली ओल अडवते, दाबाने येणारे पाणी अडवत नाही. काँक्रीट वाळताना आकसते, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि थंडीने कडक झालेला पातळ थर भेगेबरोबर चिरतो. रबर मिसळलेल्या डांबराचा दीड मिलिमीटर जाडीचा थर अशा वेळी ताणला जातो, सहसा तुटत नाही. त्याच्या बाहेरून फुगवट्यांची प्लास्टिकची चादर लावली की भिंत आणि माती यांच्यात फट राहते. पाणी त्या फटीतून खाली खडीत आणि तिथून निचऱ्याच्या पाइपात जाते. खरी परीक्षा मात्र कोपऱ्यात होते. भिंत आणि पाया जिथे मिळतात तिथे सिमेंटचा गोलसर वाटा न करता लेप काटकोनात वळवला, तर तो तिथेच फाटण्याची भीती असते. शटरिंगच्या सळ्यांची भोके बुजवायची सोडून नुसती लेपाखाली झाकली, तर पाणी ती शोधून काढते. पारा 5 अंशांच्या खाली असताना पाण्यातले डांबर मारले तर ते नीट धरत नाही, पण दिसायला काळेभोरच दिसते. माती भरल्यावर यांतले एकही न्यून नजरेला पडत नाही. नॉर्वेत नव्या घरातल्या दोषाबद्दल बांधणाऱ्याकडे दाद मागण्याची मुदत सर्वसाधारणपणे 5 वर्षांची आहे आणि ओल अनेकदा त्यानंतर आत येते. काम चोख करायला लावील असे बाहेरचे काहीही तोवर उरलेले नसते.

माणूस जितका दूरचा तितके त्याचे देणे कमी, असे आपण सहसा धरून चालतो. मला हे माप चुकीचे वाटते. आपल्या कामातला दोष पुढच्या माणसाला स्वतः दुरुस्त करता येईल की नाही, हे खरे माप आहे. त्याचा हात जिथे पोचणार नाही, तिथे आपली जबाबदारी वाढते. नॉर्वेतल्याच लाकडी स्टेव्ह चर्चांकडे पाहावे. त्यांच्याआधीच्या चर्चांचे खांब थेट जमिनीत रोवलेले असत आणि ते बुंध्याशी कुजत. उर्नेस इथल्या स्टेव्ह चर्चखाली उत्खननात अशा खांबांचे खड्डे सापडले आहेत. बाराव्या शतकातल्या सुतारांनी खांब जमिनीतून उचलले आणि दगडी पायावर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभे केले. बाहेरच्या लाकडाला पाइनचे डांबर फासले. अशी 28 चर्चे आज नॉर्वेत शिल्लक आहेत. डांबर पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा दिले, कारण ते त्यांना देता येत होते. खांब जमिनीतून उचलण्याचे काम मात्र उभारणीच्या वेळीच व्हायला हवे होते. तळघराचा लेप त्या दुसऱ्या जातीचा आहे, कारण पुन्हा लावायचा तर घराभोवतीची सगळी जमीन खणावी लागते.

जो अस्तित्वातच नाही त्याला हक्क कसला, असा आक्षेप तत्त्वज्ञ घेतात. पण डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात जंगलात टाकलेल्या फुटक्या काचेचे उदाहरण दिले आहे: शंभर वर्षांनी एखाद्या मुलाला ती लागली, तर मधल्या काळाने जखम हलकी होत नाही. इथे तर त्या घरात कोणीतरी राहणार हे आपल्याला आजच ठाऊक आहे, फक्त नाव ठाऊक नाही. आपल्याकडे तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत, त्यांतले पितृऋण पूर्वजांचे, पण ते फेडायचे संततीच्या रूपाने. घेणेकरी आणि फेड ज्याच्या पदरात पडते तो, हे एकच असले पाहिजेत असे त्या विचारात मुळीच नाही.

अर्थशास्त्राचा आक्षेप अधिक टोकदार आहे. दरसाल 5 टक्के दराने 60 वर्षांनंतरच्या 100 क्रोनरच्या नुकसानीची आजची किंमत साडेपाच क्रोनरही भरत नाही. मग आज एवढा खर्च का करावा? गणित बरोबर आहे. पण आज वाचवलेले पैसे कोणी बाजूला ठेवून, वाढवून, 60 वर्षांनी त्या घरमालकाच्या हाती दिले, तरच ते इथे लागू पडते. तसे कोणी करत नाही. बचत एकाची होते आणि खोदाईचा खर्च दुसऱ्यावर पडतो.

कर्ज काढून पहिले घर बांधणाऱ्या जोडप्याचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. उद्याच्या अनोळखी माणसासाठी आजच्या ओढग्रस्तीतल्या माणसाने किती सोसावे? याला पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मात्र वाटा करणे, भोके बुजवणे, ऊब येईपर्यंत थांबणे यांना पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते, आणि निचरा नीट असेल तर साधा लेपही पुष्कळ तग धरतो. तेवढेही जमणार नसेल तर तळघरच काढू नये. बर्गनच्या उतारावर खालचा मजला थोडाफार मातीत जाणारच, हे खरे. तिथे एखादी खोली कमी करावी आणि उरलेल्या भिंती धड कराव्यात.

जे दुरुस्त होणार नाही त्याचे ओझे अधिक असेल, तर ते दुरुस्त होण्याजोगे करून ठेवणे हाही फेडीचाच भाग ठरतो. निचऱ्याच्या पाइपाला घराच्या कोपऱ्यावर जमिनीपर्यंत येणारे उभे तोंड ठेवले, तर पुढच्या मालकाला खोदाई न करता आत कॅमेरा सोडता येतो, साचलेला गाळ पाण्याच्या झोताने काढता येतो. माती लोटण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो काढून, कोणता लेप कोणत्या महिन्यात दिला हे लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवले, तर ओल आलीच तरी कोणत्या बाजूने खणायला सुरुवात करायची हे त्याला कळेल.